खारी पावलं आणि हिरवी जर्सी

१

मॅग्नस फ्लेटला बुडून एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सकाळी तो स्वतः येऊन आपली जर्सी घेऊन गेला, असं साऱ्या पोर्टगारचं म्हणणं पडलं.

ते सगळ्यांत आधी पाहणाऱ्यांत त्याची बहीणही होती. इश्बेल फ्लेट नेहमीप्रमाणे नऊच्या सुमाराला बाबागाडी ढकलत मैदानावर आली. त्या बाबागाडीत कधी मूल बसलं नव्हतं. चाळीस वर्षं तिच्यातून पोर्टगार रोव्हर्सच्या निळ्या-पांढऱ्या जर्स्या आणि मोजेच ये-जा करत होते. थंडी अशी होती की फाटकाची कडी हाताला चिकटत होती. प्रेक्षकांच्या वरच्या पायऱ्यांवर मैदानाची देखभाल करणारा डॉडी कोवी बादलीतून मीठ टाकत होता, डाव्या हाताने, मूठ-मूठ, पेरणी केल्यासारखं. बर्फावरून घसरून कुणाची कंबर मोडू नये म्हणून त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस स्वतःची कंबर मोडून घेत होता. इश्बेलने हात हलवला. त्याने पाहिलं नाही. निदान तसं दाखवलं.

क्लबघराच्या दारात एल्सी स्लेटर उभी होती. एल्सी चहा-सुपाची टपरी चालवायची, आणि किटलीच्या आधी तिची जीभ उकळायची. आज ती गप्प होती.

"आत जाऊ नकोस, इश्बेल."

"का? पडलं का छप्पर एकदाचं?"

"मॅग्नस येऊन गेला."

इश्बेल तिला बाजूला सारून आत गेली. समोरच्या भिंतीवरची काचेची पेटी उघडी होती. आतला खिळा रिकामा होता. पेटीच्या दाराचे दोन्ही स्क्रू खालच्या फळीवर शेजारी शेजारी नीट ठेवलेले होते. आणि दारापासून पेटीपर्यंत फरशीवर ओली पावलं उमटली होती. पेटीसमोर लहानसं थारोळं साचलं होतं, जणू कुणी बराच वेळ तिथे निथळत उभं होतं.

आत येणारी पावलं होती. परत जाणारं एकही नव्हतं.

इश्बेल गुडघ्यावर बसली. थारोळ्यात बोट बुडवून तिने जिभेला लावलं.

पाणी खारं होतं.

२

त्या जर्सीची गोष्ट पोर्टगारमध्ये नव्याने सांगावी लागत नाही. १९३४ साली रोव्हर्स पहिल्यांदा आणि शेवटचं उत्तर किनारा चषकाच्या अंतिम सामन्यात पोचले. गोलरक्षक मॅग्नस फ्लेट नेहमी लाल जर्सी घालायचा, पण समोरचा डंकर्नचा संघच लाल होता. पंचांनी कळवलं, रंग बदला. तीन दिवस हातात होते आणि दुकानात एकच जाड लोकर पुरेशी होती. हिरवी.

"मासेमाराच्या घरात हिरवं?" आई म्हणाली होती. "समुद्राला तो आपला रंग वाटतो, पोरी. दिसला की परत मागतो."

अठरा वर्षांच्या इश्बेलने आईच्या गळ्याची शपथ घेतली की ही जर्सी बंदराच्या भिंतीपलीकडे कधी जाणार नाही, क्लबच्या पेटाऱ्यातच राहील. मग तिने ती तीन दिवसांत विणली. मॅग्नसने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली, चषक गावात आला, आणि पुढच्या जानेवारीत मॅग्नसची होडी बुडाली. चौघे होते. एकाचाही देह मिळाला नाही.

आईने एकच विचारलं, "हिरवं होतं का त्याच्या अंगावर?" कुणाला सांगता येईना. ती इश्बेलशी बोलेनाशी झाली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकाच टेबलावर दोघी जेवायच्या आणि मीठ मागायचं झालं तरी आई उठून स्वतः घ्यायची. एप्रिलमध्ये क्लबने मॅग्नसच्या आठवणीसाठी पेटाऱ्यातली जर्सी काचेत लावली. आई आली, उभी राहिली, एकदा मान हलवली. घरी जाताना म्हणाली, "चूल पेटव, इश्बेल. गारठलीस."

जर्सी काचेत आहे, म्हणजे ती समुद्रात नव्हती. या एका आधारावर इश्बेलने पुढची सगळी वर्षं काढली होती. जर्सीला हात लावायला मात्र ती कधी गेली नाही. लांबूनच बघायची. तरीही दर जानेवारीत मॅग्नस स्वप्नात दाराशी यायचा, निथळत, ओठ निळे पडलेले, दात वाजताहेत. बोलायचा काहीच नाही.

आणि आता काचेत जर्सी नव्हती.

"पोलिसाला कळवतो," टलक मास्तर म्हणाले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते क्लबचे चिटणीस होते आणि शताब्दीसाठी क्लबचा इतिहास लिहीत होते. "इश्बेलबाई, तीन आठवड्यांवर समारंभ आलाय."

"संध्याकाळपर्यंत थांबा, मास्तर."

"कशासाठी?"

"किल्ल्या तिघांकडेच आहेत. तुमच्याकडे, एल्सीकडे आणि डॉडीकडे. तिघांनाही मी पोलिसापेक्षा जास्त ओळखते."

"माझ्याकडे कशाला बघतेस?" एल्सी उसळली. "माझं त्याच्याशी लग्न ठरलं होतं. चोरायचीच असती तर तेव्हाच चोरली असती, बाई. तेव्हा निदान अंगात तरी आली असती मला."

"कितीला आलीस तू?"

"आठला. फाटक उघडलं, राखेच्या वाटेने सरळ टपरीवर. पाणी ठेवलं, मग कप घ्यायला इकडे आले तर हे." तिने पाय पुढे केला. "बघ, बूट. राख लागलीय, ओल नाही. आणि तुझ्या जिभेलाच विचार ना. खारं पाणी काय आकाशातून पडलं?"

इश्बेल पेटीकडे वळली. खिळ्याच्या टोकाला काहीतरी अडकलं होतं. बोटभर हिरवा धागा, ओढताना तुटलेला. तिने तो हातरुमालात घेतला.

धाग्याच्या मधोमध एक गाठ होती.



३

"गुरुवारच्या बैठकीत तुम्ही काय सांगितलंत, मास्तर? नेमकं?"

टलक मास्तरांच्या खोलीत टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीत, सगळीकडे क्लबची शंभर वर्षं पसरलेली होती. बसायला जागा करण्यासाठी त्यांनी १९११ ते १९१९ उचलून जमिनीवर ठेवलं.

"हेच, की समारंभाच्या दिवशी पेटी उघडायची. जिने विणली तिच्याच हातात जर्सी द्यायची. तुम्ही ती धुवायची, कसर लागली असेल तर रफू करायची, आणि नवी पितळी पाटी लावायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"सगळ्यांनी?"

"डॉडी सोडून. तो उठून गेला. गोलच्या जाळ्या बांधायच्या होत्या म्हणाला." मास्तरांनी चष्मा पुसला. "माझ्यावर संशय असेल तर बोलून टाका. कारण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही."

त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. १९३४चा संघ. मधोमध मॅग्नस, हसरा, चषकावर कोपर टेकलेला.

"छातीवर दोरखंडासारखा विणलेला पीळ बघा. फोटोत तो खांद्यावरून पाठीकडे जातो. काचेतल्या जर्सीवर तो खांद्याशीच थांबतो. मला भिंगाखाली नीट बघायचं होतं. पण देवाशपथ, मी पेटी उघडली नाही."

खांद्यावरून पाठीकडे. आईची वीण तशीच होती. तिचीही.

"फोटो जुना आहे, मास्तर," ती म्हणाली. "वीण नीट दिसत नाही."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी हस्तलिखित उचललं. "त्या वर्षाचं प्रकरण ऐका, जरा हसाल. 'ऑक्टोबर १९३४मध्ये डावखुरा आघाडीवीर डॉडी कोवी याचा पाय मोडला आणि तो नऊ आठवडे रुग्णालयात होता. वेळ जावा म्हणून परिचारिकांनी त्याला विणकाम शिकवलं. मैदानाचा रोलर ओढणाऱ्या बेस घोडीसाठी त्याने गळपट्टा विणला. तो इतका लांब झाला की घोडी त्याच्यावर पाय देऊन पडली.'"

इश्बेल हसली नाही.

"डॉडीला हे छापलेलं चालेल का?" तिने विचारलं.

"तोच म्हणाला, खोडा. आता पन्नास वर्षांनी कसली लाज?"

४

दुपारी सामना झाला. पोर्टगारमध्ये भूत आलं तरी सामना होतो. उलट नेहमीपेक्षा शंभर माणसं जास्त आली, आणि त्यातली निम्मी गोलाकडे न बघता क्लबघराच्या दाराकडे बघत होती.

"मॅग्नसला घ्या रे गोलमध्ये!" तिसरा गोल झाल्यावर कुणीतरी ओरडलं. "बुडालेला असला तरी याच्यापेक्षा बरा!"

इश्बेल गोलच्या मागे उभी होती. खिशात रुमाल, रुमालात धागा. बोटं आतल्या आत त्या गाठीवरून फिरत होती.

पोर्टगारमध्ये विणणारी बाई लोकरीला गाठ मारत नाही. एक लोकर संपली की दुसरीचं टोक विणीतच गुंफून न्यायचं. समुद्रावर ओल्या कपड्यात मिठाने कातडी सोलवटते. तिथे एवढीशी गाठ सुद्धा संध्याकाळपर्यंत मांसात रुतते. मुलगी सहा वर्षांची झाली की पहिल्यांदा हेच शिकवतात, आणि गाठ मारली तर सुईच्या टोकाने बोटावर फटका. इश्बेलने जन्मात लोकरीला गाठ मारली नव्हती.

म्हणजे काचेतली जर्सी तिची नव्हती.

चौथा गोल झाला. चेंडू तिच्या तोंडासमोर जाळीत येऊन आदळला आणि जाळी थरथरली. नवीन बांधलेले चौकोन पांढरे दिसत होते. इश्बेलचं लक्ष एका गाठीवर गेलं. जाळ्याची गाठ गावात निम्म्या लोकांना येत होती, तिलाही येत होती. पण हिचा वळसा उलट होता. आरशात बघावी तशी.

तिने रुमाल उघडला. हिरवी गाठ पांढऱ्या गाठीशेजारी धरली.

दोन्हींचा वळसा डावीकडून होता.

मग तिची नजर वर गेली, पायऱ्यांकडे. माणसांच्या बुटांखाली मीठ आणि बर्फ कालवून करडा चिखल झाला होता. राखेच्या वाटेवर मीठ नव्हतं. क्लबघराच्या दाराशी नव्हतं. सकाळी आठच्या आधी त्या पायऱ्यांवर एकच माणूस चढला होता.

तिला सगळं कळलं. एकच सोडून. ही जर्सी जर डॉडीची, तर तिची कुठे होती? त्याचं उत्तर एकच असू शकत होतं, आणि तिचे पाय त्या उत्तराच्या दिशेने निघायला तयार नव्हते.

५

गोलच्या मागे कौलारू झोपडीवजा घर होतं. डॉडी तिथेच राहायचा. दार उघडंच होतं. टेबलावर कपडा पसरलेला, कपड्यावर हिरवी जर्सी घडी करून ठेवलेली.

"बस," डॉडी म्हणाला. "चहा कडू झालाय. तू मध्यंतरालाच येशील वाटलं होतं."

"भूत बूट काढत नाही, डॉडी."

"काय?"

"आत येणारी पावलं होती, जाणारी नव्हती. गावाला वाटलं मॅग्नस हवेत विरला. तू बूट हातात घेऊन गेलास, मोज्यांवर."

तो कसनुसा हसला. "सातला मीठ टाकायला लागलो. वाटलं, आत्ताच, नाहीतर धीर होणार नाही. पेटी उघडली आणि नुसता उभा राहिलो, किती वेळ कुणास ठाऊक. बुटाला अडकलेलं मीठ नि बर्फ सगळं विरघळलं. मग एल्सीचं फाटक करकरलं. पुसायला वेळ नव्हता."

"समारंभाला माझ्या हातात दिली असती, तर मला कळलं असतं. म्हणून ना?"

"तू आंधळी असतीस तरी कळलं असतं."

इश्बेलने जर्सीवर हात ठेवला. आतल्या बाजूने बोटं फिरवली. गाठी लागत गेल्या. तिने मोजल्या. अकरा.

"लोकर तुकड्या-तुकड्यांनी आणली," तो म्हणाला. "एकदम हिरवी लोकर मागितली असती तर कुणीतरी विचारलं असतं. तीन वेगळ्या गावांत गेलो, काठी टेकत. आणि गाठीशिवाय जोडायचं कसं, ते त्या परिचारिकांनी शिकवलंच नव्हतं."

"माझी कुठे आहे, डॉडी?"

तो खिडकीशी गेला. बाहेर मैदान रिकामं झालं होतं.

"पेटारा तेव्हा माझ्याकडे होता. पाय मोडलेला, दुसरं काम नव्हतं. होडी बुडाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मॅग्नस आला. म्हणाला, 'माझं समुद्रावर घालायचं निळं अजून ओलं आहे. ते हिरवं दे, उद्या रात्री परत आणतो. तेलकापडी कोटाच्या आत कोण बघतंय?' मी म्हटलं, तुझ्या आईला कळलं तर दोघांना भाजून खाईल. तो हसला." डॉडीने काचेवर हात टेकला. "मी दिलं, इश्बेल. माझ्या हाताने पेटारा उघडून. तू नुसतं विणलंस. समुद्रावर मी पाठवलं."

ती खुर्चीत बसली. एकोणपन्नास वर्षांचा आधार पायाखालून निघून गेला होता, आणि आश्चर्य हे की जमीन अजून होती.

"आई तीन महिने बोलली नाही माझ्याशी."

"माहीत होतं. म्हणून तर विणली. क्लबने पेटाऱ्यातली जर्सी मागितली. नाही म्हटलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? पोरीच्या लोकरीने भाऊ बुडवला. तू बंदरावर तोंड दाखवू शकली नसतीस."

"खोटं होतं का ते?"

डॉडी वळला. इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"होडीत चौघं होते. बाकीचे तिघं निळ्यात होते, इश्बेल. तिघांच्याही आयांनी विणलेलं, रीतीप्रमाणे, गाठीशिवाय. निळ्याने त्यांना वाचवलं का?"

शेगडीत कोळसा खचला. मग इश्बेलने विचारलं, अगदी हळू, दर जानेवारीत स्वप्नात जे विचारायचं राहून जायचं ते.

"त्याला थंडी वाजत होती का रे?"

"इथून निघताना? छे! इथेच अंगात चढवलं. हात पसरून उभा राहिला, गोलमध्ये राहायचा तसा. म्हणाला, 'डॉडी, आमच्या इश्बेलची लोकर म्हणजे शेगडी आहे शेगडी.'"

इश्बेलने तोंडावर रुमाल धरला. डॉडीने तिच्यासमोर चहा ठेवला आणि तो कडू आहे हे दोघांनाही कळलं नाही.

६

संध्याकाळी तिने मास्तरांना सांगितलं की जर्सी तिनेच धुवायला नेली होती.

"आणि पावलं?"

"पायऱ्यांवरच्या मिठातून आले."

"तुम्ही? पायऱ्यांवरून? या गुडघ्यांनी?"

"मास्तर, शाळा सुटली ना आता?"

एल्सीला मात्र हे पटलं नाही, आणि तिने ते कधीच मान्य केलं नाही. तिच्या मते तो आला होता, जर्सी घालून बघितली, आणि अंगात बसली नाही म्हणून बहिणीकडे ठेवून गेला. ज्याचं त्याच्यापाशी.

शताब्दीच्या दिवशी सारं गाव क्लबघरात मावेना. मास्तरांनी भाषण केलं. मग त्यांनी इश्बेलच्या हातात जर्सी दिली, धुऊन, वाळवून, कसरीच्या भोकांवर रफू केलेली. गाठी तिने तशाच ठेवल्या होत्या. सगळ्यांसमोर तिची बोटं आतून एकेका गाठीवरून गेली. मागे दाराशी, टोपी हातात घेऊन, डॉडी कोवी जमिनीकडे बघत होता.

"हीच ती," इश्बेल म्हणाली, आणि तिने जर्सी खिळ्याला लावली.

पितळी पाटी तिने आधीच बदलून घेतली होती. मास्तरांनी लिहिलं होतं, 'इश्बेल फ्लेट हिने विणलेली.' तिच्या सांगण्यावरून आता तिथे एवढंच होतं: 'मॅग्नस फ्लेटसाठी विणलेली. १९३४-३५.'

"पस्तीस कशाला?" कुणीतरी विचारलं. "अंतिम सामना तर चौतीसचा."

मास्तरांनी फोटोकडे बघितलं, मग जर्सीच्या खांद्याकडे, मग दाराकडे.

"तारखा माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "आणि फोटोत काय शोधताय? जुना आहे तो. वीण नीट दिसत नाही."

पुढच्या जानेवारीत मॅग्नस पुन्हा स्वप्नात दाराशी आला. निथळत होता, पण दात वाजत नव्हते. अंगात हिरवं होतं. इश्बेलने दार उघडंच ठेवलं, आणि त्याने उंबऱ्यावर बसून बूट काढले.